मुंब्रा ते कोल्हापूर : शेजार आहे, संवादाचं काय?



मी मुंब्र्यात वाढले. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आली, त्यांत आमचंही होतं. तिथं भीती वाटायची नाही, पण माझ्या वर्गात एकही हिंदू मुलगी नव्हती. मनातलं सगळं बोलायचो, पण फक्त आपसात.

२०१७ला नोकरीमुळे कोल्हापुरात आले. इथं मोहरमचे पंजे तालमींत बसतात, त्यांची सेवा हिंदू कुटुंबं करतात. २०१९ला मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसलेले पाहिले. हे आपोआप घडलेलं नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम शिक्षणासाठी संस्था काढली, तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्याची साक्ष आहे.

मग ७ जून २०२३ उजाडला. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात बंद, दगडफेक झाली. इंटरनेट बंद पडलं. शेजारच्या काकू दुपारपासून आमच्या घरी बसून राहिल्या. म्हणाल्या, "मी हाय न्हवं हितं, कोण येतंय बघूया." त्यांचा पुतण्या मात्र त्या दिवशी गर्दीत होता. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. महिनाभर आमच्यात डब्यांची देवाणघेवाण चालू राहिली, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा उमगलं : मुंब्र्यात बोलणं होतं, पण शेजार एकाच धर्माचा. कोल्हापुरात शेजार आहे, पण अवघड विषयावर बोलणं नाही.

शेवटी मीच काकूंना विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या पुतण्याला घेऊन चहाला आल्या. त्यानं स्टेटसबद्दल विचारलं, मी दगडांबद्दल. सगळं पटलं असं नाही. आवाजही चढले. पण जाताना तो म्हणाला, "ताई, परत येतो." आणि आला.

सण एकत्र साजरे करूच. पण तेवढ्यावर भागणार नाही. आपल्या गल्लीत ज्याच्याशी बोलायचं टाळतो, अशा एका माणसाला या आठवड्यात चहाला बोलवा. एवढीच विनंती.