मुंबईचा ऑक्टोबर महिना



आपल्या प्रत्येक गावातले कोणी ना कोणी मुंबईस असतेच. कोणाचा मुलगा तेथे बांधकामावर असतो. कोणाची बहीण चार घरी काम करते. कोणाचे मामा गोदीत ओझी उचलतात. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्याशी बोलावे, तर सगळ्यांची एकच तक्रार ऐकू येते : "उकाड्याने जीव नकोसा झालाय!"

आपल्याला नवल वाटते. पाऊस तर आत्ता संपला. चार महिने मुंबई भिजत होती. मग एवढ्यात उन्हाळा कुठून आला? आम्हालाही पुष्कळ जण हे विचारतात. म्हणून आज आम्ही मुंबईच्या ऑक्टोबर महिन्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

ऑक्टोबर म्हणजे साधारण आपला आश्विन. हस्त नक्षत्र संपते, चित्रा लागते, शेवटी स्वाती येते. पाऊस मुंबईतून साधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. ही तारीख हवामान खात्याने पुष्कळ वर्षांच्या नोंदी पाहून ठरवली आहे. पाऊस काही पंचांग बघून चालत नाही. एखाद्या वर्षी तो लवकर जातो, एखाद्या वर्षी रेंगाळतो.

पाऊस गेला की आभाळ मोकळे होते. पावसाळ्यात ढगांचे छप्पर असते. ते उडाले की ऊन थेट जमिनीवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दुपारचा पारा ३० अंशांच्या आसपास असतो. ऑक्टोबरमध्ये तो ३३-३४ अंशांवर जातो. म्हणजे जवळजवळ मे महिन्याइतका! काही दिवशी तो ३६ अंशांच्याही वर चढतो.

दुसरे कारण वाऱ्याचे. मुंबईला समुद्र थंड ठेवतो. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. याला आपण खारा वारा म्हणतो. पण ऑक्टोबरमध्ये जमिनीकडून, पूर्वेकडून वारे वाहू लागतात. ते खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतात. तो सकाळी यायचा, तो दुपार टळल्यावर येतो. तोवर शहर भट्टीसारखे तापून निघते. पत्र्याच्या खोलीत तर बसवत नाही.

आता घामाची गोष्ट. पाऊस गेला, तरी त्याचे पाणी मागे राहते. ओली जमीन, तळी, झाडे आणि समुद्र यांच्यातून वाफ निघतच असते. हवा दमट राहते. आपला माठ कसा गार होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या शरीराचेही तसेच आहे. घाम वाळला, तरच अंग गार होते. पण दमट हवेत धोतर वाळत नाही, तसा घामही वाळत नाही. तो नुसता वाहतो. अंगातले पाणी आणि मीठ जाते, पण गारवा काही मिळत नाही.

म्हणून तेथे उन्हात काम करणाऱ्याने तहान लागायची वाट पाहू नये. थोडे थोडे पाणी पीत राहावे. फार घाम गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते प्यावे. डोके दुखू लागले, मळमळले, भोवळ आली, तर काम थांबवून सावलीत बसावे. अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजावा. मग वेळ घालवू नये. त्याचे अंग ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते छातीत जाते. एका दिवसाची मजुरी बुडाली तर भरून काढता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

मागे राहिलेले पाणी आणखी एक घात करते. पिंपात, डब्यात, जुन्या टायरात, नारळाच्या करवंटीत, बांधकामावरच्या टाक्यांत पाणी साचून राहते. त्यात डास अंडी घालतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. हा हिशेब ध्यानात ठेवा. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी केली, आतून घासली आणि कोरडी केली, तर डास जन्मालाच येत नाही. पाणी नुसते ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. हा डास दिवसा चावतो. हिवतापाचा डास रात्री चावतो. म्हणून ताप आला, तर तो अंगावर काढू नये. रक्त तपासून घ्यावे. मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यूत काही गोळ्यांनी रक्तस्राव होण्याची भीती असते.

आता आभाळाकडे पाहू. हस्ताचा पाऊस कसा गडगडत येतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. सकाळी कडक ऊन पडते, दुपारी ढग उंच उंच चढतात आणि संध्याकाळी विजा कडाडतात. मुंबईत आणि आपल्या रानातही हेच होते. वीज चमकली की अंक मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजा. तीस मोजायच्या आत आवाज आला, तर ताबडतोब पक्क्या घरात जा. झाडाखाली मुळीच उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 'दामिनी' नावाची सोय मोबाईलसाठी केली आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला, तर ती सूचना देते.

समुद्राचेही ऐका. ऑक्टोबरमध्ये वरळी, मढ, वर्सोव्याचे कोळी बांधव मासेमारीत गुंतलेले असतात. समुद्र वरून शांत दिसतो, पण त्याचे पाणी उबदार असते. त्या उबेवर वादळे पोसली जातात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे मोठे चक्रीवादळ झाले. ते आपल्या किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे गेले. तरी त्या दिवसांतल्या अवकाळी पावसाने महाराष्ट्रात कापणीला आलेली पिके भिजली. कोकणात कापलेले भात शेतातच भिजून त्याला कोंब फुटले. त्याआधी २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळ थेट आपल्या किनाऱ्यावर आले आणि समुद्रात गेलेल्या कित्येक होड्या परतल्या नाहीत.

बंदरावर बावटा लागला, की होडी लोटू नये. रेडिओवर पावसाचा इशारा आला, की कापलेले भात रात्रीतून झाकून घ्यावे. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली.  आज उपग्रहावरून ढग दिसतात. वादळाची खबर दोन-चार दिवस आधी मिळते. अंदाज कधी चुकतोही. पण दहा वेळा भात उगाच झाकले, तर थोडे श्रम वाया जातात. एकदा झाकायचे राहिले, तर वर्षाचा घास जातो.

महिना सरत आला, की हळूहळू फरक पडतो. उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू होतो. घाम वाळू लागतो. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते. किनाऱ्यावर बोंबील दोरांवर वाळत पडतात. दिवाळीच्या पणत्या लागेपर्यंत मुंबईकराचा जीव थोडा गार होतो.

तेव्हा मंडळी, पाऊस गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचे पाणी हवेत आहे, भांड्यात आहे, ढगात आहे. आपली माणसे मुंबईत असोत की शेतावर असोत, त्यांना हे सांगा. आणि ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना हे पान आज रात्रीच वाचून दाखवा.