एप्रन घातलास का ग?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या व्यासपीठावर मी समई लावायला आले, बोलायला कधी आले नाही. यंदा कार्यकारिणीने आग्रह धरला, "तुमची मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधन करते, त्याविषयी सांगा." मुलीचे कौतुक तुम्ही हळदीकुंकवाला पुष्कळ ऐकले आहे. आज मी माझी काळजी सांगणार आहे.

मुलगी प्रयोगशाळेत रुजू झाली त्या दिवशी मी विचारले, "आज काय शिकवले ग?" म्हणाली, "सुरक्षेच्या नियमांचा कागद दिला. सगळ्यांनी खाली सह्या केल्या. झाले." "वाचलास का?" तर गप्प!

मला माझे नव्या नवरीचे दिवस आठवले. अंगावर आहेरात आलेली नायलॉनची साडी, पदर खोचलेला नाही, आणि गॅसवरचे पातेले उतरवायला गेले. पदराने पेट घेतला. सासूबाईंनी घोंगडी टाकून आग विझवली आणि हात नळाखाली धरला. सुती पदर जळतो, पण हा वितळून दंडाला चिकटला. तो डाग अजून आहे. सासूबाई रागावतील म्हणून मी रडत होते. त्या म्हणाल्या, "चूक माझी. तुला स्वयंपाकघर दाखवले, पण तिथे वावरायचे कसे ते दाखवले नाही."

मुलीने ही गोष्ट ऐकली आणि मला दुसरी सांगितली. ती ऐकून मला रात्रभर झोप आली नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. तिथे शेरी संगजी नावाची 23 वर्षांची मुलगी 2008 च्या ऑक्टोबरात कामाला लागली. 29 डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या दिवसांत, ती बाटलीतून सिरिंजने एक द्रव काढत होती. तो द्रव असा की हवा लागताच पेटतो. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि भडका उडाला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. अशा वेळी उभे राहण्यासाठी पाण्याचा फवारा तिथे होता, पण तिला त्याखाली कोणी नेले नाही. 18 दिवस दवाखान्यात काढून 16 जानेवारी 2009 रोजी ती गेली.

त्याआधी दोनच महिने त्या प्रयोगशाळेची तपासणी झाली होती. इथे लोक एप्रन घालत नाहीत, अशी नोंदही झाली होती. नोंद कागदावर राहिली. चौकशीत, तिला हे काम नीट शिकवल्याचा लेखी पुरावा मिळाला नाही. पुढे फौजदारी खटला झाला. 2012 साली विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली, सुरक्षेचे शिक्षण कडक करण्याचे कबूल केले, आणि तिच्या नावे कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी 5 लाख डॉलरची शिष्यवृत्ती ठेवली. कारण तिला वकील व्हायचे होते. मैत्रिणींनो, शिष्यवृत्तीला नाव मिळाले, पण आईला मुलगी मिळाली नाही.

कोणी म्हणेल, ती नवखी होती. तर कॅरेन वेटरहान या डार्टमथ कॉलेजात प्राध्यापक होत्या, पाऱ्यासारख्या विषारी धातूंच्याच अभ्यासक. ऑगस्ट 1996 मध्ये पाऱ्याच्या एका संयुगाचे थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. हातमोजे त्या वेळच्या रीतीप्रमाणेच घातलेले होते. पण ते विष रबरातून आरपार गेले. जून 1997 मध्ये, 48 व्या वर्षी, त्या वारल्या. तेव्हापासून त्या पदार्थासाठी वेगळे, थरांचे हातमोजे सांगितले जातात. म्हणजे नियमाच्या एकेका ओळीमागे कुणाचा तरी जीव आहे. ती ओळ न वाचता सही करायची, हे बरे नव्हे.

आणि हे परदेशातच होते असे समजू नका. दिल्ली विद्यापीठात किरणोत्सारी कोबाल्टचे एक यंत्र होते, 1985 पासून न वापरता पडलेले. अशा वस्तूची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवूनच लावावी लागते. हे मंडळ आपल्या मुंबईतच आहे. पण 2010 साली ते यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले. काहीजण आजारी पडले, एक कामगार दगावला. त्या बिचाऱ्यांनी विद्यापीठाची पायरीही चढली नसेल!

आपल्याला रसायनांची नावे येत नाहीत. न येऊ देत. पण आपल्या वाडीतल्या चार मुली आज प्रयोगशाळेत जातात. त्यांना आपण चार गोष्टी विचारू शकतो. हे काम तुला कोणी करून दाखवले का? अंगात सुती कपडे, एप्रन, चष्मा आहे ना, केस आणि ओढणी बांधलेली आहे ना? सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री एकटी काम करत नाहीस ना? आणि अंगावर काही सांडले, पेटले, तर पाणी कुठे आणि दार कुठे, हे ठाऊक आहे का?

मुली विचारायला लाजतात. नव्या सुनेसारखे त्यांचे असते. विचारले तर हसतील, येत नाही म्हणतील. माझीही लाजत होती. मी म्हटले, "हसू देत. हसणे अंगाला चिकटत नाही." दुसऱ्या दिवशी ती आपल्या मार्गदर्शक बाईंकडे गेली आणि म्हणाली, "मी सही केली आहे, पण मला काही येत नाही. एकदा करून दाखवाल का?" बाईंनी अर्धा तास काढून सगळे दाखवले. आणि गंमत अशी, की बाजूला आणखी तिघे येऊन उभे राहिले. सह्या त्यांनीही केल्या होत्या!

आता रोज ती निघताना मी दारातून हाक मारते, "एप्रन घेतलास का ग?" ती चिडते. चिडू दे. संध्याकाळी सुखरूप घरी येते, मला तेवढे पुरे.