उंबऱ्याबाहेरचा केर
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला जो विषय कळविला तो 'पर्यावरण आणि गृहिणी' असा होता. 'गृहिणी' हा शब्द काढून त्या जागी नुसते 'घर' असे घालावे, अशी विनंती मी त्यांना केली. परंतु तोपर्यंत पत्रिका छापून झाल्या होत्या. म्हणून ती दुरुस्ती आता तोंडी करीत आहे. मागच्या रांगांत बसलेल्या पुरुषवर्गाने आपल्याला चहापर्यंत सुटी आहे असे कृपा करून समजू नये. आजचे माझे बोलणे निम्म्याहून अधिक त्यांच्याकरिताच आहे.

या विषयावर बोलणारा वक्ता बहुधा आजीच्या काळापासून आरंभ करतो. आजी तांदळाचे धुवण टाकीत नसे, राखेने भांडी घाशी, जुन्या लुगड्याची गोधडी शिवी आणि गोधडी विरली म्हणजे तिची पायपुसणी करी, हे सारे खरे आहे. माझी आजीही तसेच करी. परंतु तीच आजी पहाटे चारला उठे, ओल्या सरपणाच्या धुराने तिचे डोळे बारमाही लाल असत, आणि वयाच्या पन्नाशीत तिला जिना चढताना धाप लागे. तिच्या काटकसरीत शहाणपण होते हे मी नाकारीत नाही. तथापि त्या शहाणपणाची किंमत तिच्या एकटीच्या पाठीने मोजली, आणि घरातील कोणाही पुरुषाने त्या हिशेबात आपला वाटा घातला नाही. म्हणून 'जुन्या काळाकडे परत चला' असे मी म्हणणार नाही. धुराचा तो स्वयंपाक गेला हे उत्तमच झाले.

मी आरंभ करणार आहे तो एका फुटक्या बरणीपासून.

सन २०१२ मधली गोष्ट. आमच्या घरी लोणच्याची काचेची बरणी फुटली. मी काचा गोळा केल्या, भाजीच्या देठांबरोबर आणि उरलेल्या आमटीभाताबरोबर एका पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली आणि ती दाराबाहेर ठेवून दिली. दाराबाहेर ठेवले म्हणजे माझे काम संपले, अशीच माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी केर नेणाऱ्या बाई आल्या त्या हाताला चिंधी गुंडाळून. त्या रागावल्या नाहीत. "ताई, काच होती तर सांगायचं ना," एवढेच म्हणाल्या, आणि उरलेल्या एका हाताने बादली उचलून पुढच्या दारी गेल्या. बत्तीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकविले. प्रयोगशाळेत काच फुटली तर ती कशी उचलावी, कशात गुंडाळावी, हे शेकडो मुलांना सांगितले. स्वतःच्या घरच्या काचेविषयी मात्र मला एवढाही विचार सुचला नव्हता, याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधीत होते.

ते कारण या व्यासपीठावर बोलणे काहींना अप्रिय वाटेल. परंतु हे ज्ञातीचे व्यासपीठ आहे म्हणूनच येथे बोलले पाहिजे. आपला केर दुसऱ्या कोणीतरी उचलायचा असतो, आणि तो 'कोणीतरी' कोणत्या जातीत जन्मलेला असतो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या न सांगता ठाऊक होते. स्पृश्यास्पृश्यता आपण सोडली असे आपण म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही असेल. पण उंबऱ्याबाहेर टाकलेल्या वस्तूशी आपला संबंध संपला, ही बुद्धी त्याच जुन्या व्यवस्थेची उरलेली शेपटी आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत. आपण एकत्र कालवून दिलेला केर त्या हातांनी निवडतात, आणि त्यांच्या निवडण्यामुळेच कागद, पत्रा व प्लॅस्टिक पुन्हा कारखान्याकडे जाते. म्हणजे पर्यावरणरक्षणाचे काम आजही घडतच आहे; फक्त ते आपण करीत नसून आपल्यासाठी त्या करीत आहेत.

आपल्यापैकी अनेकांना कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन आठवत असतील, निदान ऐकून तरी ठाऊक असतील. सफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे म्हणून त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्यासाठी सहानुभूतीचे उपोषण केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. एवढे तप आपल्याकडून व्हावयाचे नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नाही. आपल्यापुढे प्रश्न आहे तो भाजीच्या देठांचा.

आता थोडे शास्त्र. घरातील केर वेगवेगळा ठेवावा असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांतही सांगितले होते. परंतु नियमापेक्षा कारण समजलेले बरे. भाजीची साले आणि शिळे अन्न हवेत कुजले तर त्याचे खत होते. तेच पिशवीत बांधून डोंगराएवढ्या ढिगाखाली दाबले तर तेथे प्राणवायू पोहोचत नाही, निराळे जंतू कामास लागतात आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट वातावरण तापवितो, आणि तो पेटही घेतो. मुंबईचे देवनारचे क्षेपणक्षेत्र १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि तिच्या धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आगीत आपल्या घरचे देठही होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

खत घरी करणे फार सोपे आहे. घाण वास येतो ही तक्रार मी नेहमी ऐकते. वास येतो तो ओल अधिक झाल्यामुळे आणि हवा कमी पडल्यामुळे. बाजूंना भोके पाडलेले एक जुने पिंप किंवा मातीचा मोठा माठ घ्यावा, तळाशी नारळाच्या शेंड्या पसराव्या, आणि रोजच्या ओल्या केरावर तेवढाच, शक्य तर दुप्पट, वाळका पाला घालावा. आंबट ताक पाण्यात कालवून मधूनमधून शिंपडावे, आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे. मुठीत दाबले असता पाणी गळू नये, पण हाताला ओल लागावी, एवढाच दमटपणा हवा. दीड-दोन महिन्यांत काळी, मातीच्या वासाची भुकटी हाती येते. पहिल्या खेपेस माझ्या पिंपात अळ्या झाल्या आणि आमच्या घरी त्यावरून तीन दिवस संभाषण बंद होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. पाला वाढविल्यावर अळ्या गेल्या. संभाषण यथावकाश सुरू झाले. आता पिंप ढवळण्याचे काम आमचे यजमान करतात, आणि पाहुण्यांना ते खत स्वतः दाखवितात.

ज्यांना जागा नाही त्यांनी खत न केले तरी चालेल. पण ओले आणि कोरडे निराळे द्यावे. दुधाची पिशवी विसळून वाळवून द्यावी. काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे, आणि स्त्रियांच्या मासिक वापराच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढावा. हा शेवटचा उल्लेख सभेत करण्याचा मला संकोच वाटत नाही. ज्यांना त्या उघड्या हाताळाव्या लागतात त्यांच्या संकोचाची कोणी चौकशी केली आहे?

दुसरी गोष्ट चुलीची, म्हणजे आता गॅसच्या शेगडीची. पाणी एकदा उकळू लागले की त्याखालची आच कितीही वाढविली तरी उघड्या भांड्यात त्याचे उष्णतामान वाढत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता पुरते. परंतु त्याच उकळत्या लिटराची वाफ करून टाकण्यास ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे झाकण न ठेवता खदखदणारे भांडे अन्न लवकर शिजवीत नाही, ते फक्त सातपट खर्चाने वाफ उडविते. कुकरच्या शिट्या मोजणे हाही असाच एक गैरसमज आहे. पहिली शिट्टी झाली की आत सुमारे १२० अंश उष्णतामान झालेले असते. त्यापुढे आच बारीक करून मिनिटे मोजावी. शिट्टीवाटे जाते ती आपण विकत घेतलेली उष्णता. कडधान्य रात्री भिजवावे हे तर कोणीही सांगेल. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि तो जळून जवळजवळ ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गॅसपेक्षा धूर जड कसा, असे माझे विद्यार्थी विचारीत. हवेतील प्राणवायू त्यात येऊन मिळतो म्हणून. चार दिवस उशिरा संपलेल्या टाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पाण्याविषयी थोडक्यात. हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करण्याचे आर.ओ. यंत्र असते, आणि ते एक पेला पाणी देताना बहुधा दोन-तीन पेले मोरीत सोडते. विरघळलेले क्षार काढणे हे त्याचे काम. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार ग्राह्य आहेत, आणि आपल्या नळाला येणारे खडकवासल्याचे पाणी या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते. तेथे साधी गाळणी व जंतू मारणारे यंत्र पुरे होते. ज्यांना कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी घ्यावे लागते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मोरीत जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास वापरावे. दिव्यांविषयी तर बोलण्यासारखे फारसे उरलेच नाही: ६० वॅटच्या जुन्या बल्बाएवढा उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो, हे सर्वांनी स्वीकारले आहे. जेथे कष्ट नाहीत तेथे सुधारणा लवकर होते.

आता ज्या कारणासाठी मी हे व्याख्यान देण्याचे मान्य केले, तिकडे येते.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनानंतर मी मुद्दाम मागे थांबले होते. आपल्या कार्यालयाच्या मागील अंगणात काळ्या पिशव्यांची रास होती. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, म्हणून आपण कागदी ताटल्या आणल्या. पण त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्या कुजतही नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत. त्या ताटल्यांत जिलबी, मसालेभात आणि न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या एकत्र होत्या. दुसऱ्या दिवशी ते सारे कोणी निवडले असेल हे आता आपणास सांगावयास नको.

आणि त्याच अंगणाच्या वर, माळ्यावर, संस्थेची भांडी आहेत. तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. आपल्या वाडवडिलांनी लग्नामुंजीसाठी, कोणाच्या आईच्या स्मरणार्थ, कोणाच्या पहिल्या पगारातून, स्टीलची ताटे, वाट्या, पेले, पितळी पातेली व घंगाळी संस्थेस दिली. प्रत्येक वस्तूवर नाव कोरलेले आहे. माझ्या सासूबाईंनी दिलेली वीस ताटे त्यांत आहेत. पूर्वी गरीब ज्ञातिबांधवाच्या घरचे कार्य या भांड्यांवर पार पडे, भाडे नाममात्र असे. कंत्राटी आचारी आले, ताटल्या फेकण्याची सोय झाली, आणि भांडी माळ्यावर गेली. ती घासावयाची कोणी, हा प्रश्न होता. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले होते: स्त्रियांनी, आणि स्त्रिया नसतील तर मोलकरणींनी.

माझी सूचना अशी आहे की, पुढील संमेलनाचे भोजन याच भांड्यांतून व्हावे, आणि ती पुरुषांनी घासावी. मी थट्टा करीत नाही. पाणी फार लागेल असा आक्षेप येईल, म्हणून त्याचेही उत्तर आणले आहे. उष्टे आधी खताच्या पिंपात निपटावे, मग तीन घंगाळी ओळीने मांडावी: पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात व तिसऱ्यात स्वच्छ. वाहत्या नळापेक्षा यास पुष्कळच कमी पाणी लागते. पहिले पाणी मोरीत, शेवटचे कुंड्यांना. पंगतीत पुन्हा वाढून घेण्याची सोय असावी, म्हणजे एकदाच ताट भरून घेण्याची घाई कोणी करणार नाही. वाढपी तरुण असावेत आणि त्यांनी आग्रह करू नये. आग्रहाशिवाय जेवण गोड लागत नाही असे मानणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्यांची मी मनोमन क्षमा मागते.

कार्यकारी मंडळापुढे हा ठराव मी लेखी ठेवला आहे. त्यावर 'विचाराधीन' असा शेरा पडला आहे. विचार चालू असता माळ्यावर काय आहे याची मोजदाद तरी व्हावी. किल्ली भांडारप्रमुखांकडे आहे आणि त्यांनी ती देण्याचे कबूल केले आहे. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मी शिडी, चिंधी आणि वही घेऊन कार्यालयात येईन. ज्यांच्या घरच्यांची नावे त्या ताटांवर कोरलेली आहेत त्यांनी यावे. बंधुवर्गापैकी निदान चार जण तरी आले तर घंगाळी खाली उतरविता येतील. ती जड आहेत.