न्युमोनियाची लस कोणी घ्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



न्युमोनिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तान्हे मूल येते. त्याची छाती उडू लागली की सारे घर हवालदिल होते. पूर्वी अशा वेळी बिब्बे घालीत. आज आपण त्याला लस टोचून आणतो. सरकारने ही लस २०१७ साली काही राज्यांत सुरू केली आणि २०२१ पासून ती देशभर मोफत मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशी तीनदा ती द्यावयाची. यातली एक लस तर आपल्या पुण्यातच तयार होते, बरे का!

बाळांच्या बाबतीत आपण जागरूक आहोत. मला बोलायचे आहे ते बाळाला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसणाऱ्या आजीविषयी. नातवाचे कार्ड ती जिवापाड जपते, तिला मात्र कुणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर "आता माझे काय राहिले?" म्हणून तीच हसण्यावारी नेते. हे बरे नव्हे. पासष्टी उलटलेल्या प्रत्येकाने ही लस घ्यावी. मधुमेह, दमा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, प्लीहा काढलेली असेल, विडी-सिगारेट सुटत नसेल, तर पासष्टीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

म्हातारपणी हा आजार चोरपावलांनी येतो. कधी ताप नसतो, खोकलाही बेताचाच. माणूस जेवण टाकते, असंबद्ध बोलू लागते, आणि आपण "वय झाले" म्हणून स्वस्थ बसतो.

लसीनेच न्युमोनिया होईल, अशी काहींना धास्ती वाटते. तिच्यात जिवंत जंतू नसतात. तसे होणे नाही. दंड दुखेल, थोडी कसर येईल, एक-दोन दिवसांत जाईल. पूर्वी एखादी लस अंगावर जोराने उठली असेल तर मात्र आधी सांगावे. ही लस न्युमोकोकस नावाच्या जंतूपासून राखते, सगळ्याच न्युमोनियापासून नव्हे. म्हणून फ्लूची लस दरवर्षी निराळी घ्यावी लागते.

मोठ्यांना ही लस बहुधा विकत घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही हे मी जाणते. पण हा खर्च दरवर्षीचा नव्हे. दिवाळीत सासूबाईंना लुगडे घेताना त्याचाही विचार करावा. डॉक्टरांकडे जाताना जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. कोणती लस, एकदा की दोनदा, हे त्यांवरून ठरविणे त्यांना सोपे जाते.