भूत नसलेला भयपट
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आवडलेला मराठी चित्रपट' या विषयावर बोला, असे सांगण्यात आले. २०१३ साली 'दुनियादारी'ने गर्दी खेचली, ते सर्वांना आठवत असेल. त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी एक मराठी चित्रपट आला आणि फारसा कोणाच्या लक्षात न येता निघून गेला. त्याचे नाव 'इन्व्हेस्टमेंट'. आम्ही त्यावर बोलणार आहोत.

लेखक-दिग्दर्शक रत्नाकर मतकरी. मुलांना 'अलबत्या गलबत्या' देणारे आणि मोठ्यांना गूढकथांनी रात्रभर जागवणारे. पंच्याहत्तरीला आले असताना त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी आपल्या ओळखीच्या दहा घरांत विचारले तर आठजण म्हणतील, "हा कुठला?"

यात भूत नाही, पडका वाडा नाही. आहे ते आपल्यासारखेच एक सुशिक्षित कुटुंब. नवरा नोकरीत वर चढणारा, बायको मुलाच्या भविष्याची मोठी स्वप्ने पाहणारी. भूमिका तुषार दळवी आणि सुप्रिया विनोद यांच्या. एक दिवस त्यांच्या बारा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आळ येतो. मग आईबाप काय करतात? मुलाला वाचवायच्या मागे लागतात. इतकी वर्षे त्याच्यात जे गुंतवले, ते बुडता कामा नये! घरात एकटी आजी अस्वस्थ असते. सुलभा देशपांडे यांनी ती आजी अशी उभी केली आहे की तिच्याकडे पाहताना आपलीच मान खाली जाते.

आम्हाला हा चित्रपट भयंकर का वाटला, ते आता सांगतो. जरा संकोच वाटतो, पण मंडळ घरचेच आहे.

आमचा मुलगा आठवीत असताना जिन्यात ढकलाढकली झाली आणि वर्गातल्या एका मुलाचा हात मोडला. शाळेतून बोलावणे आले. आम्ही दोघांनी रजा टाकली. स्कूटरवर जाताना काय बोलायचे ते ठरवले : "आमचा मुलगा तसा नाहीच." वर एका ओळखीच्या गृहस्थांना फोनही करून ठेवला. आम्ही स्वतः डिप्लोमावर थांबलो, त्याने पुढे जावे, एवढेच डोक्यात. त्या मुलाची आई व्हरांड्यात उभी होती. तिला आम्ही "मुलगा कसा आहे" एवढेही विचारले नाही. प्रकरण मिटले. घरी येताना आम्हाला जिंकल्यासारखे वाटत होते.

मुलगा कॉलेजात गेल्यावर हा चित्रपट आम्ही तिघांनी घरी पाहिला. संपल्यावर कोणी उठेना. शेवटी आम्ही त्याला विचारले, "तेव्हा तू ढकलले होतेस का?"

तो म्हणाला, "हो. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

बंधुभगिनींनो, भुताच्या सिनेमात दिवा लावला की भीती जाते. इथे दिवा लावल्यावर सुरू झाली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. फार उशीर झाला होता. त्याच्या आईने चहा दिला, फारसे बोलल्या नाहीत. आमच्या मुलाने मात्र स्वतः माफी मागितली. त्याच्या कुठल्याही मार्कशीटने दिले नाही, ते समाधान त्या दिवशी मिळाले.

आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तीही मुलांवर केलेली गुंतवणूकच होती. पण महाराजांनी ती रयतेच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांवर केली. आपण क्लास, फी, डोनेशन यांत पैसा ओततो आणि परताव्याची वाट पाहत बसतो. दुसऱ्याचे मूल मग दिसेनासे होते.

मतकरी २०२० साली गेले. त्यांचा हा चित्रपट मिळेल तिथून मिळवा आणि मुलांना शेजारी बसवून पाहा. संपल्यावर त्यांना काहीतरी विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

गणपती बाप्पा मोरया!