वंशाला दिवा कशाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हिंदू समाजाला मुलगाच का हवा असतो, याचं मूळ आम्ही शोधलं. ते धर्मात आहे आणि मालमत्तेतही. मनुस्मृती सांगते, पुत् नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र. पिंड मुलाने द्यायचा, अग्नी मुलाने द्यायचा, जमीनही मुलाकडेच जायची. मुलगी म्हणजे परक्याचं धन! मग मुलगा होईपर्यंत बाई बाळंतपणं काढत राहते. वर मुली झाल्या की एखादीचं नाव 'नकुशी' ठेवतात. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली.

पुढे सोनोग्राफी आली. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ साली. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७!

मल्लिका राणीला मुलगी झाली तेव्हा कोसलचा राजा प्रसेनजितही खिन्न झाला होता. तथागतांनी त्याला समजावलं, की शहाणी, शीलवान मुलगी मुलापेक्षाही सरस ठरू शकते. बाबासाहेबांनी तर मुलींना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा दिली. पिंडच गेला, मग तो द्यायला मुलगा कशाला हवा?

आता आपल्या घरातलं बोलू. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. पण बाप गेला की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, आणि माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटात बहिणीचं हक्कसोडपत्र, हे कसं चालेल? मनू जाळला म्हणता, तो त्या कागदात जिवंत आहे!

म्हणून आमचं सांगणं एवढंच. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा भेद बंद करा. आई-बापाच्या चितेला लेकीने अग्नी दिला तर नाक मुरडू नका. आणि बहिणीपुढे तो कागद कुणीही नेऊ नका. भावांनो, तिचा हिस्सा ही भाऊबीज नव्हे, तिचा हक्क आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!