पितळी डब्यातली नाणी
(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आता एव्हरशाईन सिटीत नाहीतर आसपास फ्लॅटमध्ये राहतात. गावची घरं मिटली, वाटण्या झाल्या आणि माळ्यावरच्या वस्तू खोक्यांत भरून इथे आल्या. त्या वस्तूंबद्दल दोन शब्द बोलतो.

आई गेल्यावर तिच्या पितळी डब्यात तीन नाणी निघाली. १९१८ आणि १९४४ सालचे दोन रुपये, आणि एक तांब्याचं. त्यावर एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात, असा मेसेज धाकट्या भावाने वाचला होता. त्याने फोन लावला. समोरचा दोन लाख द्यायला तयार होता, फक्त आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवायचे होते. भावाच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती, तो पैसे पाठवायला निघालाच होता. मी म्हटलं, "आधी जाणकाराला दाखवू."

नाण्यांच्या जाणकाराने काटा आणि भिंग काढलं. पंधरा मिनिटांत उलगडा झाला. कंपनीने रामपंचायतनाचं नाणं कधी पाडलंच नाही. ही रामटंका, देवस्थानाच्या गावी भाविकांना विकली जाते. साल छापलेलं असलं तरी ते खरं नव्हे. १९१८च्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. पण त्या साली रुपये भरपूर पाडले गेले, म्हणून भाव चांदीपेक्षा थोडाच जास्त. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे दुसऱ्याचा भाव आणखी कमी.

भावाचा चेहरा उतरला. पण अडीच हजार वाचले, आणि पुढे मागितले गेले असते तेही. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच दिला होता. फीची सोय आम्ही भावंडांनी मिळून केली. रामटंका आता भावाच्या देवघरात आहे. आई तिची रोज पूजा करायची, हे जाणकाराला भिंगातून दिसणार नव्हतं. ते आम्हालाच ठाऊक.

आपल्या वसईचंच उदाहरण घ्या. नाशिकची नारोशंकराची घंटा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे, ते कुणीही वाचू शकतो. पण १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर ती तिकडे गेली, ही गोष्ट लोक सांगत राहिले म्हणून टिकली. आपल्या घरातल्या समईवर तर सालही नसतं. ती कुणाच्या माहेरची, हे सांगणारं माणूस गेलं की ती नुसतं पितळ उरते.

तेव्हा चार गोष्टी करा. जुनी नाणी, मूर्ती चिंच लावून किंवा पावडरने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. जो विकत घेणार, त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नका; दुसऱ्या जाणकाराला विचारा. परदेशात राहणाऱ्या मित्रांनो, १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, चित्र, नाणं ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. ती बॅगेत घालून देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू नुसती जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे विमानतळावर अडचण येणार नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, मागे चार ओळी लिहा: कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरायचे. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर हे काम दिवाळीपर्यंत ढकलू नका. येत्या रविवारीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.